चवीपुढची रिकामी जागा

पावसाळ्यात तुमच्या मोरीच्या कडेला, कुजलेल्या चौकटीच्या बुडाशी नखाएवढं काही उगवतं, तेव्हा तुम्ही वाकून त्याला नाव विचारता, की चपलेच्या टाचेनं त्याचा निकाल लावता?

उत्तर मला ठाऊक आहे. मीही टाचेवाल्यांतलाच होतो. 'कुत्र्याची छत्री' म्हटलं की आपलं ज्ञान संपतं. शेणावरची असो, लाकडावरची असो, पांढरी असो की तपकिरी, सगळ्या कुत्र्याच्याच छत्र्या. लग्न जुळवताना आपण पोटजातीची पोटजात विचारतो. पण पायाखाली उगवणाऱ्या शेकडो जिवांना मिळून आपल्याला एक शिवी पुरते. त्यांना नावं द्यायचं काम आपण साहेबाच्या देशातल्या लोकांवर सोपवून दिलं आहे, आणि वर पुन्हा हा देश आमचा म्हणून घोषणा देतो. मीही देतो. घोषणेत खोटं काही नाही. फक्त ती देताना आपण खाली बघत नाही.

सोलापुरात खाली बघणारा एक माणूस मी पाहिला. हणमंतराव देगावकर. एका शाळेत शास्त्र शिकवत म्हणून सगळे त्यांना देगावकर मास्तर म्हणत. उंच होते, पण ती उंची कधी कुणाला दिसली नाही, कारण ते कमरेत वाकूनच चालत. रस्त्यात कुणी 'नमस्कार मास्तर' म्हटलं तर ते आधी त्याचे पाय बघत, मग चेहरा. त्यांच्या जानव्याला इतरांसारखी किल्ली नसे. पितळी चौकटीचं एक भिंग असे. गटारापाशी, उकिरड्यापाशी ते वाकले की कोटाच्या गळ्यातून जानवं बाहेर येई आणि त्याच्या टोकाला ते भिंग लोंबकळू लागे. पेठेतली पोरं त्याला मास्तरांचा देव म्हणत. मास्तरांना त्यात वावगं काही वाटत नसे.

मी तेव्हा एका लहान छापखान्यात मुद्रितं तपासत असे. दिवसा लग्नपत्रिका आणि व्यापारी पेढ्यांची बिलं, आणि यंत्र मोकळं मिळालं की आमची चळवळीची पत्रकं. एका पावसाळी दुपारी मास्तर दारात उभे राहिले.

"काळा कागद आहे का? रद्दीतला चालेल."

"काळ्यावर छापणार काय?" मी विचारलं.

"मी नाही, ही छापणार." त्यांनी तपकिरीची डबी उघडली. आत ओल्या कापसावर एक फिकट, बारीक अळंबी आडवी झोपली होती. "तुमच्याच मागच्या भिंतीशी मिळाली. तुमची भाडेकरू. ओळख नाही का?"

गडद निळा वेष्टनाचा कागद होता, तो मी दिला. त्यांनी अळंबीची दांडी ब्लेडनं कापली, टोपी उपडी न करता होती तशीच कागदावर ठेवली आणि आमच्या चहाची वाटी तिच्यावर पालथी घातली. "उद्या सकाळपर्यंत हात लावू नका," म्हणाले आणि गेले. सकाळी त्यांनीच वाटी उचलली, टोपी बाजूला केली. निळ्या कागदावर पांढऱ्या भुकटीचं एक चक्र उमटलं होतं. मधून निघून काठाला जाणाऱ्या केसाएवढ्या बारीक रेषा, एकही दुसरीवर चढलेली नाही. आमच्या यंत्रानं आयुष्यात इतकी स्वच्छ छपाई केली नव्हती.

"टोपीखालच्या पापुद्र्यांतून हिचं बी खाली पडतं," मास्तर म्हणाले. "बी पांढरं, गुलाबी, तपकिरी की काळं, यावर पहिली वाटणी. हे पांढरं. पांढऱ्या कागदावर ठेवली असती तर तुम्ही म्हणाला असता, काहीच नाही."

त्या दिवसापासून छापखान्यातली गडद कागदाची कात्रणं त्यांची झाली आणि मी, वेळ मिळेल तेव्हा, त्यांच्या मागे हिंडू लागलो. सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात अळंब्या शोधणं म्हणजे वाळवंटात मासे धरणारा कोळी शोधणं, असं लोक हसून म्हणत. मास्तर म्हणत, कोरड्या मुलखातल्या अळंबीला घाई असते. पहाटे उगवते, उन्हं चढली की संपते. हिला भेटायचं तर आळस चालत नाही. मोठ्या, खाण्याच्या अळंब्यांत त्यांना रस नव्हता. त्यांना हव्या असत त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या, बाजरीएवढ्या, ज्या दिसायलाच गुडघे टेकावे लागतात.

त्यांचा एक नियम होता. सोबत हिंडणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी ऐकवत. "आपल्याला हवं तेच दिसायला लागलं, की भिंग खाली ठेवायचं." एखादी अळंबी नवी आहे असं मनानं घेतलं की प्रत्येक ठिपका नवा दिसू लागतो, म्हणून ते ती डबीत घालून घरी नेत, जेवत, शाळेत जाऊन येत आणि मग पुन्हा बघत. हा नियम लक्षात ठेवा. याच नियमानं पुढे घात केला.

ज्या वर्षी आमच्या शहरावर लष्कराचा अंमल आला, त्या वर्षी मी त्यांच्याशी कडाडून भांडलो. शहरात डोक्यावरच्या खादीच्या टोपीपायी माणसं मार खात होती आणि हा गृहस्थ अळंबीच्या टोपीचा व्यास मोजत होता. मी माझं ताजं पत्रक त्यांच्यापुढे टाकलं आणि म्हटलं, "मास्तर, जनता पेटून उठली आहे. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ धरून सगळं वाचलं. "पत्रकवाले," ते मला नेहमी असंच म्हणत, "यात 'जनता' हा शब्द फार वेळा आलाय. कोण ती? नाव सांगा."

"जनता म्हणजे जनता! मजूर, शेतकरी, विणकर—"

"कोणता विणकर? भवानी पेठेतला नरसय्या? त्याचा माग दोन दिवस बंद आहे, सुताला लावायच्या खळीला कणीक मिळत नाही म्हणून. हे लिहिलंय का कुठं? नाही. 'शोषित जनता' लिहिलंय. ही तुमची कुत्र्याची छत्री झाली."

मी चरफडत निघून आलो. पण पुढच्या पत्रकात नरसय्याची कणीक होती. त्या पत्रकावर छापखान्याच्या मालकानं डोळे वटारले आणि विणकरांनी मात्र ते वाचून घेतलं.

हा नरसय्या म्हणजे मास्तरांच्या कामातला एक खांबच. भवानी पेठेत त्याचं खड्डामागाचं घर होतं. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसतो आणि वर माग. मूळचा तेलंगणातला, घरात तेलुगू, पेठेत मराठी. मास्तर त्याच्याकडे जात ते आधी रंगासाठी. अळंबीचा रंग शब्दांत धरणं फार अवघड. विलायतेत म्हणे त्यासाठी छापील रंगपट मिळतात. मास्तरांनी ते काम सुतावर भागवलं. विणकरांच्या आणि रंगाऱ्यांच्या घरून सुताची टोकं गोळा करून त्यांनी एक जुडगा केला होता. मोतिया, बदामी, अंजिरी, राखी, डाळिंबी, फिका डाळिंबी. अळंबी मिळाली की ते उन्हाकडे पाठ करून एकेक धागा तिच्याशी भिडवत. नरसय्याची बायको लच्चम्मा हे बघून म्हणायची, "मास्तर, नवरीला लुगडं दावाय लागलाय जणू!"

"पसंत पडत नाही हो तिला," मास्तर म्हणत आणि पुढचा धागा काढत.

पुण्याचे एक वनस्पतीचे प्राध्यापक त्यांच्याशी पत्रव्यवहार करत. त्यांनी एकदा विचारलं होतं, 'तुमचा अंजिरी म्हणजे नेमका कोणता?' मास्तरांनी उत्तराबरोबर धाग्याचा तुकडाच चिकटवून पाठवला. त्यानंतर प्राध्यापकांनी कधी तशी शंका काढली नाही.

रंग झाला, बी झालं, वास झाला. वासांसाठी त्यांचे शब्द घरातलेच असत: ओल्या पोत्याचा, नव्या मडक्याचा, शिळ्या भाकरीचा. आणि शेवटी चव. हा भाग लोकांना ऐकवत नाही. अळंबीची ओळख पटवताना तिचा कणभर तुकडा जिभेच्या टोकावर धरतात, घटकाभर थांबतात आणि थुंकून तोंड धुतात. काही जाती दिसायला जुळ्या बहिणी; एक कडू, एक बेचव, एवढाच फरक. मास्तर हे करत. ज्या घरात कांदालसूण शिजत नसे, त्या घरातला माणूस कुत्र्याची छत्री जिभेवर ठेवतो, ही बातमी लपत नाही. काहींनी त्यांच्या हातचं पाणी सोडलं. मास्तर म्हणाले, "बरं झालं, तेवढंच आडावरचं पाणी वाचलं."

पण त्यांची आई होती. मास्तर विधुर, घरात आई आणि ते, दोघंच. म्हातारी सत्तरीतली, लख्ख गोरी, तोंडाची फटकळ आणि शपथा घालण्यात पटाईत. घरात पाऊल टाकलं की पहिली शपथ पडे. "चहा न घेता गेलास तर माझी शपथ आहे." मी घाईत आहे म्हटलं की थोडा वेळ गाल फुगवून बसे आणि मग म्हणे, "बरं, सुटली. जा." आमच्याकडे शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडायची असते, त्यानं 'सुटली' म्हटलं की माणूस मोकळा. म्हातारी दिवसातून कितीतरी शपथा घाली आणि झोपायच्या आत सगळ्या सोडून टाकी.

एकच सोडली नाही. एका पावसाळ्यात मास्तरांनी तळ्याकाठच्या बाभळीखालची एक अळंबी चाखली. थुंकले, तोंड धुतलं, तरी संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या आणि पुढे दोन दिवस ते अंथरुणावर गोळा होऊन पडले. मी भेटायला गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते आणि म्हातारी समोर. तिनं त्यांचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला होता.

"म्हण. पुन्हा जिभेला लावणार नाही म्हण."

"आई, मी थुंकलो होतो गं."

"हणमंता, मला शास्त्र सांगू नकोस. तुझे वडील गेले, तुझी बायको गेली. आता तुला त्या कुत्र्याच्या मुतापायी घालवू? म्हण."

मास्तर म्हणाले. म्हातारी त्या रात्री म्हणे बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

म्हातारी स्वयंपाकघरात गेल्यावर मी म्हटलं, "मास्तर, आईची समजूत काढता आली असती. असल्या खुळचट शपथेनं कुणाच्या डोक्यावर काय पडतं?"

"पडतं असं मी कुठं म्हटलं? काही पडत नाही, मलाही कळतं. मी शपथ घेतली ती तिला झोप यावी म्हणून. शब्द दिला एवढं खरं. तो खुळचट नाही."

त्यानंतर त्यांच्या टिपणांत 'चव' या शब्दापुढे जागा रिकामी राहू लागली. बहुतेक अळंब्यांचं त्यानं काही अडलं नाही. रंग, बी, वास, दांडी एवढ्यावर नाव सापडे. मास्तर गमतीनं म्हणत, "माझी जीभ पेन्शनीत निघाली."

मग नरसय्याच्या खड्ड्यातली अळंबी आली.

मागाच्या खड्ड्यात कडेला लाकडाचा एक जुना खुंट पुरलेला होता. सुताला लावलेली खळ त्यावर वर्षानुवर्षं गळत आलेली. ओल, अंधार आणि आंबलेली कणीक. श्रावणाच्या झडीत एका सकाळी लच्चम्मानं माणूस पाठवला: मास्तरांचं पोरगं उगवलंय, बघून जा. मास्तर खड्ड्यात उतरले आणि तासभर वर आले नाहीत. नरसय्या धोटा हातात धरून ताटकळला होता.

"मास्तर, मी कवा बसू मागावर? तुमचं पोर लई लाडाचं हाय, माझी बी पोरं हायत की!"

"थांब रे. श्वास सोडू नकोस इकडे, हलतंय."

ज्वारीच्या दाण्याएवढी टोपी. रंग मोतिया, मधोमध अंजिरी ठिपका. दांडी घोड्याच्या केसासारखी काळी, तशीच ताठ. खाली मोजके पापुद्रे. बी पांढरं, निळ्या कागदावर ते उमटलं तेव्हा पिठीसाखरेची चिमूट सांडल्यासारखं दिसलं. वास आंबट खळीचा. असली अळंबी मास्तरांच्या पुस्तकात नव्हती. पुण्याला वर्णन, चित्र आणि वाळवलेले नमुने गेले. उत्तर आलं की हिच्यासारखी एक जात उष्ण देशांत माहीत आहे, पण तिला असा वास नाही आणि ती चवीला बेचव आहे. तुमची जर कडू असेल, कडवटपणा जिभेवर रेंगाळत असेल, तर ही निश्चित निराळी आणि नवी. कृपया ताज्या नमुन्याची चव कळवा.

त्या दिवशी खुंटावर पुन्हा तीन-चार उगवल्या होत्या. मास्तरांनी ते पत्र तिथेच, नरसय्याच्या मागापाशी, मला वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"मी चाखतो," मी म्हटलं.

"तुम्ही? विडी, तिखट आणि व्याख्यानं यांनी तुमची जीभ कामातून गेलीय."

लच्चम्मा पुढे झाली. कुणी काही म्हणायच्या आत तिनं खुंटावरची एक अळंबी खुडून तोंडात टाकली आणि थुंकली. "कडू! इष हाय नुस्तं!"

"आधी कडू म्हणालात, मग तोंडात घातलीत," मास्तर म्हणाले. "मी ऐकलं."

"तर मग परत बघते." दुसरी तोंडात गेली. "तुरट वाटतंय जरा."

नरसय्या मागावरून ओरडला, "आण हिकडं!" त्यानं चाखली. "मला तर कायच लागंना. हिच्या आमटीसारकीच हाय."

मग नवराबायकोची तेलुगूत जुंपली. मास्तर हसता हसता खोकले. मला मात्र राग आला. बाहेर आल्यावर मी त्यांना सुनावलं. "विणकराची जीभ म्हणून तुम्हाला चालत नाही, असंच ना?"

त्यांना ते लागलं. पहिल्यांदाच मान वर करून त्यांनी माझ्याकडे पूर्ण बघितलं. "तसं असतं तर मी त्यांचे धागे खिशात घेऊन हिंडलो नसतो. अहो, दोघांच्या तीन चवी मी कशा लिहू? जे माझ्या डोळ्यांनी, नाकानं, जिभेनं कळलं तेवढंच मी आजवर लिहिलं. उद्या 'कडू आहे असे म्हणतात' लिहू लागलो तर मग कुत्र्याच्या मुतातून उगवते असेही म्हणतात, तेही लिहावं लागेल."

"मग आईला सांगा. शपथ सोडायला सांगा."

"ती विचारील, पुन्हा आजारी पडणार नाहीस कशावरून? मला उत्तर येत नाही."

ते वर्ष तसंच गेलं. पुढच्या पावसाळ्यात अळंबी पुन्हा आली, पुन्हा गेली. त्यानंतरच्या वर्षी नरसय्यानं सांगितलं की थोरल्या मुलाला गिरणीत काम लागलं आहे. दिवाळीनंतर माग काढून खड्डा बुजवायचा, त्या जागी मुलाचा संसार. मास्तरांनी दुसऱ्या पेठांतले खड्डे धुंडाळले. जिथे खळ गळते, जुनं लाकूड आहे, अशी घरं शोधली. तिथल्या कुणीच ती कधी पाहिली नव्हती. आता येणारा श्रावण हा शेवटचा, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तोपर्यंत कुणीतरी म्हातारीला सांगितलं होतं. मी नाही. बहुधा लच्चम्मानं.

म्हातारीनं मला बोलावून घेतलं. "काय रे, माझ्या शपथेपायी याचं काही अडलंय म्हणे?"

मी सगळं सांगितलं. ती वाती वळत राहिली. "नखाएवढ्या वस्तूला नाव देऊन काय मिळतं?"

"काही नाही, आजी."

"मग मरतोय कशाला त्याच्यासाठी?" आणि वातींचा कापूस बाजूला सारून, "येऊ दे पाऊस. मग बघू."

श्रावण आला, पण त्याच्या आधी आषाढात म्हातारीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. घशातून नुसती हवा यायची. मास्तर शाळेत रजा टाकून तिच्या उशाशी बसले. चमच्यानं दूध, कूस बदलणं, सगळं स्वतः करत. भिंग खुंटीवर गेलं.

श्रावणातल्या एका दुपारी मी तिथेच होतो. लच्चम्मा ओल्या पदरानंच दारात आली. आत येऊन तिनं म्हातारीच्या पायांना हात लावला आणि हळू आवाजात मास्तरांना म्हणाली, "आलंय. सकाळपासनं हाय. लई टिकायचं न्हाय, ऊन पडाय लागलंय."

 पण म्हातारीनं ऐकलं होतं. तिनं डाव्या हातानं मास्तरांचा हात चाचपला, धरला आणि ओढत ओढत आपल्या डोक्यावर ठेवला. मग तो तिथून उचलून बाहेर, दाराच्या दिशेनं झटकला. ओठ पुढे काढले. "सु..." अशी हवा आली. पुन्हा हात डोक्यावर घेतला, पुन्हा झटकला. डोळे मास्तरांवर.

"अय्यो मास्तर!" लच्चम्मा ओरडली. "सोडली की आजीनं! पळा तुमी, मी बसते हितं!"

मास्तर जागचे हलले नाहीत. वाकून त्यांनी विचारलं, "आई, पाणी हवंय?"

म्हातारीनं डोळे मिटले.

मी त्यांना ओसरीवर ओढलं. अक्षरशः ओढलं. "मास्तर, काय करताय? याहून स्पष्ट काय हवं?"

"तिच्या डाव्या हाताला ताळ नाही. सकाळी दूध पाजतानाही तिनं माझा हात असाच झटकला. तेव्हा कुठली शपथ सोडली होती?"

"तिनं 'सुटली' म्हणायला तोंड उघडलं!"

"सकाळपासून ती तशीच हवा सोडतेय. पत्रकवाले, मला ती 'सुटली' म्हणायला हवीय. किती हवीय ते मलाच ठाऊक. म्हणूनच मी जे पाहिलं ते मला ग्राह्य धरता येत नाही." त्यांचा हात जानव्याकडे गेला, तिथे भिंग नव्हतं. "हवं तेच दिसायला लागलं की काय करायचं, तुम्हाला माहीत आहे."

ऊन पडलं. संध्याकाळी लच्चम्मानं निरोप दिला की खुंटावर आता काळे केस तेवढे उरलेत.

मार्गशीर्षात म्हातारी गेली. शपथ तिच्याबरोबर गेली. पण त्याआधी खड्डाही गेला होता. त्यात मुरूम भरून, चोपून, वर शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन झाली होती. नरसय्यानं खुंट मात्र उपटून जपून ठेवला होता. तो मास्तरांनी घरी आणला, पडवीच्या कोपऱ्यात माठाच्या ओलीत उभा केला आणि रोज त्यावर खळ ओतू लागले. आईचे दिवस झाल्यावर, डोक्याचा गोटा असतानाच, त्यांनी माझ्यासमोर वाळवलेल्या नमुन्यांची डबी उघडली, एक टोपी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग थुंकले.

"काय?"

"कापूर," ते म्हणाले. कीड लागू नये म्हणून डबीत कापूर ठेवलेला असे.

पुण्याच्या प्राध्यापकांनी नमुने एका पाकिटात ठेवून त्यावर प्रश्नचिन्ह काढलं आहे. ते आजही तसंच आहे.

मी रागीट माणूस आहे. हे सगळं लिहिताना दोष कुणाच्या तरी दारात नेऊन टाकावा असं मला सारखं वाटतं. म्हातारीच्या दारात टाकायला गेलो तर तिचा झटकलेला हात आठवतो. नरसय्यानं मुलाला राहायला जागा करून दिली, यात त्याचं काय चुकलं? आणि मास्तर? त्यांच्याइतका सच्चा माणूस मी पाहिला नाही, आणि त्या सच्चेपणानंच त्यांचा हातातला घास गेला. पत्रकात बसेल असा शत्रूच या गोष्टीत नाही. याचाच मला जास्त त्रास होतो.

मास्तर शाळेतून मोकळे झाले आणि बार्शीला भाच्याकडे राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटून आलो. डोळ्यांत पडदे वाढले आहेत. माणूस आवाजावरून ओळखतात. अंगणात बाजेवर बसले होते आणि शेजारी तो खुंट होता, पार ठिसूळ झालेला, वाळवीनं पोखरलेला. त्यावर हातानं चाचपत ते वाटीतली खळ ओतत होते. निम्मी बाहेर सांडत होती. जानव्याला भिंग अजून होतं.

बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. लच्चम्माची नातवंडं, पत्रकांपायी झालेला माझा तुरुंग. मी निघायला उठलो तेव्हा ते एकदम म्हणाले, "पत्रकवाले, सकाळी दूध पाजताना तिनं हात झटकला तो तोंडावरून. दूध नको म्हणून. आणि हात खाली पडला, अंथरुणावर. दुपारी तिनं तो आधी डोक्यावर नेला आणि तिथून दाराकडे टाकला. दोन्ही निराळे होते. मी पाहिलं होतं." वाटी त्यांच्या मांडीवर तिरकी झाली होती, ती मी काढून घेतली. "जुळ्या दिसणाऱ्या दोन अळंब्यांत मी याहून बारीक फरक ओळखलेत. तो मात्र ओळखला नाही. ओळखला, पण मानला नाही."

वाटी मी बाजेच्या कडेला ठेवली आणि निघालो. फाटकाशी येऊन मागे बघितलं. ते पुन्हा वाटी शोधत होते.

म्हणून वाचकहो, एक विनंती आहे. सभेची वर्गणी नको, सही नको. तुमच्या घरात, शेजारात जुना खड्डामाग असेल, खळ गळून भिजलेलं लाकूड असेल, तर येत्या श्रावणात खड्ड्यात एकदा वाकून बघा. ज्वारीच्या दाण्याएवढी मोतिया टोपी, मध्ये अंजिरी ठिपका, घोड्याच्या केसासारखी काळी दांडी, आंबट खळीचा वास. दिसली तर खुडू नका, आणि स्वतः मुळीच चाखू नका. ती उगवली आहे तेवढा लाकडाचा तुकडा कापून, ओल्या केळीच्या पानात गुंडाळून, ऊन चढायच्या आत बार्शीच्या वाटेला लावा. आंधळ्या मास्तरांचं घर तिथे कुणीही दाखवील. त्यांना आता दिसत नाही, पण जीभ शाबूत आहे, आणि त्या रिकाम्या जागेत एकच शब्द लिहायचा राहिला आहे. तो सांगितला की लिहून घ्यायला मी आहे.